अडीच रुपयांची बस, तीनशे रुपयांचं नाणं

३१ मे २०२५ला भोपाळमध्ये अहिल्याबाई होळकरांच्या त्रिशताब्दीनिमित्त ३०० रुपयांचं नाणं प्रकाशित झालं. त्या दिवशी आमच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या नाण्याचा फोटो होता. साहजिक आहे. अहिल्याबाईंचा जन्म आमच्या जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातल्या चोंडीचा, आणि आता जिल्ह्याचं नावही अहिल्यानगर आहे. (बोलताना मी अजून नगरच म्हणतो. पुण्याहून निघालेला माणूस ‘नगरला चाललोय’ म्हणतो, ही सवय सरकारी राजपत्राने लगेच जाईल असं वाटत नाही.) फोटोखाली एकाने विचारलं, “हे नाणं दुकानात चालेल का?” त्यावर बरेच हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

कायद्याने पाहिलं तर २०११च्या नाणे कायद्यानुसार केंद्र सरकारला १००० रुपयांपर्यंतचं कुठलंही नाणं पाडता येतं, आणि तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली तेव्हा खरंच १००० रुपयांचं नाणं निघालं होतं. पण अशी मोठ्या किमतीची स्मारक नाणी बँकेतून सुट्टे म्हणून हातात येत नाहीत. टांकसाळ ती डबीत घालून, दर्शनी किमतीपेक्षा बरंच जास्त मोल लावून संग्राहकांना विकते. म्हणजे ते असं नाणं आहे ज्याने काहीही विकत घ्यायचं नसतं. स्वतंत्र भारतातलं पहिलं स्मारक नाणं १९६४चं, नेहरूंचं. ते मात्र एक रुपयाचं आणि अर्ध्या रुपयाचं होतं, लोकांच्या खिशात फिरलं.

अहिल्याबाईंच्या नाण्यावर त्यांचा चेहरा आहे. पण त्यांचं काम पाहिलं तर त्यातला मोठा भाग प्रवासाशी जोडलेला दिसतो. काशीपासून रामेश्वरापर्यंतच्या यात्रेच्या वाटांवर घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा, अन्नछत्रं. चालत निघालेल्या माणसाला पाणी कुठे मिळेल आणि रात्री अंग कुठे टाकता येईल, याची सोय त्या बाईंनी स्वतःच्या राज्याच्या हद्दीबाहेरही केली. बारवेत उतरायच्या पायऱ्या नाण्यावर कोरता येतात की नाही, मला माहीत नाही. चेहरा कोरणं सोपं असतं आणि त्यावर वादही कमी होतात.

हे नाणं पाहून मला दुसरं एक नाणं आठवलं. शाळेत असताना किराणा दुकानातून परत आलेल्या सुट्ट्यांत मिळालेलं दोन रुपयांचं. तेव्हाची दोनची नाणी अकरा कोनांची असायची. या नाण्यावर नेहमीच्या नक्षीऐवजी हातात कंदील धरलेला हत्ती होता. तो भोलू. भारतीय रेल्वेला १५० वर्षं झाली म्हणून राष्ट्रीय डिझाइन संस्थेने त्याला जन्माला घातलं होतं, आणि २००३च्या नाण्यावर तो गार्ड म्हणून उभा आहे. त्याचा कंदील चित्रात हिरवा असतो. नाण्यावर रंग कुठला, त्यामुळे भोलू गाडी सोडतोय की थांबवतोय ते कळायला मार्ग नाही. वर्षाच्या खाली बारीक खूण असते: चौकट असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. हे कळल्यापासून मी बरीच वर्षं दुकानदाराने दिलेलं प्रत्येक नाणं उलटं करून बघायचो.

देशाच्या वाहतुकीचा इतिहास नाण्यावर आणणं ही काही फक्त आपली हौस नाही. ब्रिटनने २००४मध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या वाफेच्या इंजिनाला दोनशे वर्षं झाली म्हणून दोन पौंडांचं नाणं काढलं, आणि २०१३मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेच्या दीडशे वर्षांसाठी दोन. त्यातल्या एकाच्या कडेवर ‘माइंड द गॅप’ असं कोरलंय. फलाटावरची रोजची सूचना नाण्याच्या कडेला नेऊन बसवणारा माणूस मला आवडला. ती नाणी सुट्ट्यातही फिरली. आपलं दोन रुपयांचं भोलूवालंही फिरलं, म्हणून तर ते माझ्यापर्यंत पोचलं.

पण भोलूकडे बघताना एक गोष्ट खटकते. १६ एप्रिल १८५३ची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ असते: बोरीबंदर ते ठाणे, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटं, १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी. आणि तीन इंजिनं: साहिब, सिंध, सुलतान. इंजिनांची नावं स्पर्धा परीक्षेत विचारतात. ती इंजिनं चालवणाऱ्यांची नावं कुणी विचारत नाही. कोळसा टाकणाऱ्यांची तर नाहीच. दीडशे वर्षांनी आठवण म्हणून नाणं निघालं, तेव्हाही त्यावर माणूस आला नाही, हत्ती आला. हत्ती गोड आहे, माझी तक्रार हत्तीबद्दल नाही.

आमच्या जिल्ह्यात रेल्वे आली ती १८७८मध्ये, दौंड-मनमाड मार्गाने. सुमारे १४५ मैलांचा हा मार्ग. श्रीगोंदा, नगर, राहुरी, बेलापूर (म्हणजे आजचं श्रीरामपूर), पुणतांबा, येवला असा तो वर मनमाडला जातो आणि दोन मोठ्या लोहमार्गांना जोडतो. नगर स्टेशनवर दिल्लीकडच्या गाडीची वाट बघत उभं राहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं की या रुळांखालच्या भरावाची माती दुष्काळात टाकली गेलीय.

१८७६ ते ७८चा दुष्काळ दख्खनमधल्या सगळ्यात भयंकर दुष्काळांपैकी एक. पुणे, नगर, सोलापूर, सातारा, सगळीकडे पावसाने दगा दिला. सरकारने दुष्काळी कामं काढली आणि त्यांत या लोहमार्गाचं मातीकाम होतं. पोटासाठी गाव सोडलेली माणसं, बायका, पोरं टोपल्या घेऊन भरावावर उभी राहिली. जानेवारी १८७७मध्ये सर रिचर्ड टेंपल दुष्काळाची पाहणी करायला आले. सरकारी खर्च कमी करायची जबाबदारी त्यांच्यावर होती. दिवसभर खोदणाऱ्या माणसाला एक पौंड धान्य पुरेल, असा हिशोब त्यांनी मांडला. म्हणजे अर्धा किलोही नाही. मजुरी ठरली ती या हिशोबाने: एक पौंड धान्याच्या किमतीइतके पैसे, आणि वर आणा-अर्धा आणा. एका आण्याचं स्वतंत्र नाणं तेव्हा नव्हतंच, ते १९०७पासून आलं. त्यामुळे आणा हातात पडायचा तो तांब्याच्या चार पैशांनी किंवा दोन अर्ध्या आण्यांनी.

आता त्याच महिन्यात दिल्लीत काय चाललं होतं ते बघा. १ जानेवारी १८७७ला व्हाइसरॉय लिटनने दरबार भरवला आणि व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर केलं. राजेरजवाड्यांना सोन्याची-चांदीची स्मारक पदकं वाटली. आणि नाण्यांवरची अक्षरं बदलली. तोपर्यंत रुपयावर ‘व्हिक्टोरिया क्वीन’ असायचं, १८७७पासून ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’ आलं. तांब्याच्या पैशावरसुद्धा. एका अर्थाने त्या साली पडलेला प्रत्येक पैसा स्मारक नाणंच होता. दिल्लीतल्या समारंभाची बातमी तो दौंड-मनमाडच्या भरावावरच्या माणसाच्या तळहातापर्यंत घेऊन येत होता. त्या माणसाला वाचता येत नसेल, आणि आलं असतं तरी त्या पैशाला धान्य किती येतं हेच त्याने आधी विचारलं असतं.

पुणे सार्वजनिक सभा ही तेव्हा सहा-सात वर्षांची संस्था होती. तिचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, दिल्ली दरबारात सभेतर्फे हजर राहिले ते हातमागाच्या जाड्याभरड्या खादीत. जरीच्या अंगरख्यांच्या गर्दीत तो माणूस कसा दिसला असेल! इकडे सभेचे लोक दुष्काळी भागातून माहिती गोळा करून सरकारला पाठवत होते. कमी केलेल्या मजुरीविरुद्ध दुष्काळी कामांवरच्या हजारो मजुरांनी काम सोडलं. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता. संपावर जायचं म्हणजे होती तीही मजुरी सोडायची. तरी त्यांनी सोडली.

या संपाचं नाणं नाही. कुणी काढावं अशी माझी मागणीही नाही. पण ‘नगरमध्ये रेल्वे कधी आली’ याचं उत्तर ‘१८७८’ एवढंच दिलं तर ते अर्धं उत्तर आहे, असं मला वाटतं.

खरं म्हणजे वाट आणि नाणं यांचं नातं आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनं आहे. जुन्नरजवळचा नाणेघाट घ्या, त्याच्या नावातच नाणं आहे. कोकणातून वर येणारा माल इथून चढायचा आणि आजच्या नगर जिल्ह्याचा मुलूख ओलांडत सातवाहनांच्या प्रतिष्ठानकडे, म्हणजे पैठणकडे जायचा. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला रांजण आहे. व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकत, असं मानतात. शेजारच्या लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणा मोजल्यात: इतक्या हजार गाई, इतके घोडे, इतके कार्षापण. आकडे अंकचिन्हांत लिहिलेले आहेत आणि ते देशातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांपैकी आहेत. मी दिवसभर आकड्यांची खातरजमा करणारा कोड लिहितो, त्यामुळे तिथे जरा जास्त वेळ उभा राहिलो. माल वाहणाऱ्या बैलांचा आकडा त्या लेखात नाही.

नाण्यांच्याही आधीचा एक पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे. श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठावर दायमाबाद. १९७४मध्ये तिथे एका गावकऱ्याला झाडाची मुळं खणताना जमिनीखाली चार जड वस्तू लागल्या. हत्ती, गेंडा, म्हैस आणि एक रथ. हत्ती, गेंडा आणि म्हैस यांनाही चाकं, किंवा चाकांसाठी केलेली सोय. चारही मिळून वजन साठ किलोच्या आसपास. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, पण बरेच जण त्या साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. रथ ४५ सेंटिमीटर लांब आहे, त्याला दोन बैल जुंपलेत आणि त्यावर १६ सेंटिमीटर उंचीचा माणूस उभा आहे. म्हणजे वाहतुकीची धातूतली आमची सगळ्यात जुनी आठवण अशी आहे की गाडी आहे, बैल आहेत आणि हाकणाराही आहे. काहींच्या मते तो देव असावा. असेलही. पण कासरे धरल्यासारखे हात पुढे करून तो उभा आहे, आणि मला तो देव म्हणून दिसत नाही.

एसटीची गोष्ट मला याच कारणाने आवडते.

१ जून १९४८. मुंबई राज्याने प्रवासी मोटारी सरकारच्या हातात घ्यायचं ठरवलं होतं. तोवर खासगी मोटारमालकांची आपापसात जीवघेणी चढाओढ चालायची. पहिली सरकारी गाडी धावली ती पुणे आणि नगरच्या मधे. बेडफर्डची बस, तिकीट अडीच रुपये. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे.

इथे रेल्वेच्या बरोबर उलटं झालंय. रेल्वेच्या इंजिनांची नावं राहिली, माणसांची गेली. एसटीच्या पहिल्या बसला नाव नव्हतं, चालक-वाहकांची नावं मात्र राहिली. दरवर्षी १ जूनला पेपरात आणि मोबाइलवर ती दोन नावं पुन्हा फिरतात. कुठल्या मंत्र्याने हिरवा झेंडा दाखवला ते कुणाला आठवत नाही. या दोघांना कुणी नाण्यावर घेतलं नाही, तरी ते उरले. मला वाटतं याचं कारण साधं आहे. एसटीत ड्रायव्हर आणि कंडक्टर दिसतात. रेल्वेचा चालक कुठेतरी पुढे, अर्धा किलोमीटर लांब. एसटीत मास्तर तुमच्या खांद्याला खांदा घासून पुढे सरकतो, ‘आत चला, आत चला’ म्हणतो, पंच वाजवतो आणि सुट्टे मागतो.

आणि सुट्टे नसले की तिकिटाच्या मागे बाकीचे पैसे लिहून देतो. एसटीने प्रवास केलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी उतरताना ते पैसे मागायचं विसरून नंतर हळहळ केलीय. तिकिटामागे पेनाने लिहिलेला तो आकडा म्हणजे एका कंडक्टरने स्वतःच्या सहीशिवाय काढलेलं चलनच. स्टँड येईपर्यंत ते वैध, पुढे शून्य.

२०२३मध्ये एसटीला ७५ वर्षं झाली. त्याच आठवड्यात, २८ मे २०२३ला, ७५ रुपयांचं एक नाणं आलं: नव्या संसद भवनाचं. ४४ मिलिमीटर व्यासाचं, ३५ ग्रॅमचं, निम्मी चांदी. त्यानंतर चार दिवसांनी एसटीचा अमृतमहोत्सव. ७५चा आकडा दोन्हीकडे सारखाच, म्हणून मला तेव्हा वाटून गेलं की महाराष्ट्रातून कुणीतरी प्रस्ताव धाडायला हवा होता. स्मारक नाण्यांचे प्रस्ताव संस्थांकडून, सरकारांकडून दिल्लीला जातात, त्यात अशक्य काही नाही. रेल्वे केंद्राची, तिचं नाणं निघतं. एसटी राज्याची आणि तोट्यातली, तिचं कोण काढणार, असाही हिशोब असेल.

पण मग मी विचार करायला लागलो की त्या नाण्यावर काय आलं असतं. लाल बस, कदाचित ‘गाव तिथे एसटी’ आणि अशोकस्तंभ. छान दिसलं असतं. त्यात २०२०चा मे महिना आला नसता, जेव्हा परराज्यातल्या मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत मोफत सोडायला एसटीचे चालक गेले. २०२१च्या नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत चाललेला संपही आला नसता. शासनात विलीनीकरण करा, ही कर्मचाऱ्यांची मागणी होती. पगार अपुरे आणि तेही वेळेवर होत नव्हते. त्या काळात कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या आणि नगर जिल्ह्यातल्या आगारांमध्येही गाड्या उभ्या होत्या. उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२पर्यंत कामावर यायला सांगितलं आणि संप संपला. विलीनीकरण झालं नाही. त्यानंतर जेमतेम सव्वा महिन्याने, १ जूनला, एसटीची पहिली ‘शिवाई’ इलेक्ट्रिक बस धावली. कुठल्या मार्गावर? पुणे-नगर. पहिल्या बसची आठवण म्हणून मुद्दाम तोच मार्ग निवडला. त्या बसचं नाव सगळ्यांना कळलं. तिच्या पहिल्या फेरीचा चालक कोण होता, हे मी माझ्या दहा मित्रांना विचारलं. दहाही जण गप्प. इथे एसटीही रेल्वेच्या वाटेने गेली.

अमृतमहोत्सवाचं म्हणाल तर नाण्यापेक्षा वेगळं काहीतरी झालं. ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना एसटीत मोफत प्रवास, आणि १७ मार्च २०२३पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. राजकारण आहेच त्यात, आणि तोट्यातल्या महामंडळावर त्याचा बोजा किती, यावर वाद घालायलाही जागा आहे. पण वाकडेवाडीच्या स्टँडवर शुक्रवारी संध्याकाळी नगरच्या गाडीला उभं राहिलं की गर्दी बदललेली दिसते. एकट्या निघालेल्या बायका जास्त. डोक्याला टॉवेल गुंडाळलेले आजोबा आधार कार्ड हातात धरूनच चढतात, कंडक्टरने विचारायच्या आधी. ३०० रुपयांच्या नाण्याने जे विकत घेता येत नाही, ते यांना शून्य रुपयांत मिळतंय. अहिल्याबाईंच्या धर्मशाळांचा हिशोब असाच काहीसा असणार.

आता सुट्ट्यांचा प्रश्नही मिटत चाललाय. कंडक्टरच्या मशीनवर कोड येतो, आपण स्कॅन करतो, पैसे गेल्याचा आवाज येतो. माझ्या क्षेत्रातल्याच माणसांनी हे बनवलंय आणि ते उत्तम चालतं, डोंगराआड रेंज गेली नाही तर. तिकिटामागे आकडा लिहायची वेळ येत नाही. एका मास्तरांना मी विचारलं, बॅग हलकी झाली का? ते म्हणाले, “बॅग हलकी झाली, पण डेपोत पैसे भरायची रांग आहे तेवढीच आहे.” मग बेल दोनदा वाजवली आणि पुढे सरकले.

अडीच रुपयांचा हिशोब मी मध्यंतरी पुन्हा करून बघितला. १९४८मध्ये दशमान पैसे नव्हते, त्यामुळे अडीच रुपये म्हणजे दोन रुपये आठ आणे. प्रजासत्ताकाची स्वतःची नाणी १९५०मध्ये आली. म्हणजे देश स्वतंत्र होऊन साडेनऊ महिने झाले होते, बस आपल्या सरकारची होती, पण केवट्यांच्या बॅगेत पडलेली नाणी इंग्लंडच्या राजाच्या तोंडवळ्याचीच असणार. अर्ध्या रुपयाचं १९४७चं निकेलचं नाणं पुण्याच्या जुन्या बाजारात सहज मिळतं. मी एक घेतलं. एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला चालत निघालेला वाघ. कडा झिजल्यात. डबीतल्या स्मारक नाण्याच्या कडा झिजत नाहीत, याला मात्र बऱ्याच हातांनी सुट्टे म्हणून वापरलंय.